बालरुग्णसेवेतील तरुणाई : एक ऐतिहासिक आढावा

सन १९४४. दुसऱ्या महायुद्धामुळे अमेरिकेतील असंख्य परिचारिका सैन्यसेवेत गेल्या होत्या आणि नागरी रुग्णालयांना मनुष्यबळाची तीव्र चणचण भासत होती. अशा समयी न्यू जर्सी राज्यातील ईस्ट ऑरेंज येथील शाळकरी मुलींनी नागरिकशास्त्राचा उपक्रम म्हणून रुग्णसेवेचे व्रत अंगीकारले. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे साधे कापड घेऊन त्यांनी आपले गणवेश स्वहस्ते शिवले. त्या पट्ट्यांवरूनच ‘कँडी स्ट्रायपर’ हे नाव रूढ झाले. रुग्णांना पाणी देणे, पुस्तक वाचून दाखविणे, पत्र लिहून देणे अशी त्यांची कामे वरकरणी लहान. परंतु एकाकी जीवाला त्यांचे मोल मोठे होते.

बालरुग्णांचे एकाकीपण तर फारच दारुण होते. त्या काळी अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाजवळ राहू देत नसत. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या बालिकेवर माहितीपट तयार केला. मूल रडायचे थांबले म्हणजे ते रुळले असे नव्हे, हे त्यातून दिसून आले. अनेक डॉक्टरांना हे रुचले नाही. तथापि १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना मुलांजवळ मुक्त प्रवेश असावा, अशी शिफारस केली. ती केवळ कागदावर राहू नये म्हणून १९६१ मध्ये लंडनच्या काही माता संघटित झाल्या.

पुढे दुसरा प्रश्न उभा राहिला. परगावाहून आलेल्या पालकांनी राहायचे कोठे? त्यासाठी १९७४ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. ऑड्रे इव्हान्स यांच्या प्रयत्नांतून बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी निवासगृह सुरू झाले. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून कर्करुग्णांवर उपचार होत आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून तेथे आलेल्या कित्येक कुटुंबांनी पदपथावर रात्री काढल्या. उपचार घेणाऱ्या मुलांना पालकांसह विनामूल्य निवारा देणारे सेंट ज्यूड केंद्र येथे २००६ मध्ये सुरू झाले.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. स्वयंसेवकाने आईची जागा घ्यावयाची नसते, तर आईला मुलाजवळ राहता यावे म्हणून औषधांच्या रांगेत उभे राहावयाचे असते. ती दोन घास खाऊन येईपर्यंत मुलाला गोष्ट सांगावयाची असते. यास धन फारसे लागत नाही; वेळ लागतो, आणि ठरल्या दिवशी न चुकता येण्याची निष्ठा लागते. तरुण पिढीने आठवड्यातील दोन तास जरी दिले, तरी एखाद्या खाटेवरील बालकाची दुपार सुसह्य होईल.