रोशिया मोंताना

रोशिया मोंताना हा रोमानियाच्या आल्बा जिल्ह्यातील एक ग्रामीण कम्यून, म्हणजेच अनेक गावांचा मिळून बनलेला स्थानिक प्रशासनाचा घटक आहे. ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतातील या कम्यूनमध्ये १६ गावे असून रोशिया मोंताना हे मुख्य गाव आहे. हा परिसर रोमन काळापासून सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने येथील खाणींच्या भूप्रदेशाचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.

भूगोल

रोशिया मोंताना आपुसेनी पर्वतरांगेत वसले आहे. चेताते, कर्निक, ओर्लेया आदी डोंगरांच्या पोटात ज्वालामुखीच्या क्रियेतून निर्माण झालेले सोन्या-चांदीचे साठे आहेत. येथून वाहणारी रोशिया नदी आब्रुद नदीला मिळते आणि आब्रुद पुढे आरियेश नदीला मिळते. रोमेनियन भाषेत 'रोशिया' या शब्दाचा संबंध लाल रंगाशी आहे. गावाच्या व्हेरेश्पाताक या हंगेरियन नावाचा अर्थही 'लाल ओढा' असाच होतो.

इतिहास

सम्राट ट्रेजनने इ.स. १०६ मध्ये डेशिया जिंकल्यानंतर रोमनांनी येथे खाणकाम सुरू केले. त्यासाठी डाल्मेशियातून कुशल खाणकामगार आणून वसवण्यात आले. या वस्तीचे लॅटिन नाव आल्बर्नस मायोर होते. ते ६ फेब्रुवारी १३१ या तारखेच्या, मेणाचा थर दिलेल्या लाकडी पाटीवर आढळते. अशा अनेक पाट्या अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत जुन्या बोगद्यांत सापडल्या. त्यांवर कर्ज, मजुरी आणि गुलामांची खरेदी-विक्री यांचे करार कोरलेले आहेत. इ.स. १६७ च्या एका पाटीवर अंत्यविधीसाठी स्थापन केलेले एक मंडळ विसर्जित झाल्याची नोंद आहे. मंडळाच्या ५४ सदस्यांपैकी केवळ १७ जण गावात उरले, असे तीत म्हटले आहे.

हॅब्सबर्ग राजवटीत खनिज कुटणारी यंत्रे पाण्यावर चालवण्यासाठी डोंगरांत कृत्रिम तलाव बांधण्यात आले. त्यांपैकी काही आजही अस्तित्वात आहेत. १७८४ च्या शेतकरी उठावाचा एक नेता क्लोश्का हा कम्यूनमधील कर्पिनिश गावचा होता. त्याला १७८५ मध्ये आल्बा युलिया येथे मृत्युदंड देण्यात आला. १९४८ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७० च्या दशकात चेताते डोंगरावर उघडी खाण सुरू झाली व तिच्यामुळे तेथील रोमन बोगदे नष्ट झाले. ही सरकारी खाण २००६ मध्ये बंद पडली.

खाण प्रकल्प आणि वाद

१९९० च्या दशकाच्या अखेरीस एका कॅनेडियन कंपनीने सरकारच्या भागीदारीत नवा प्रकल्प आखला. त्यानुसार चार उघड्या खाणी खोदून सायनाइडच्या साहाय्याने सोने काढायचे आणि कोर्ना गावाच्या खोऱ्यात खाणीतील गाळाचे धरण बांधायचे होते. त्यासाठी कंपनीने अनेक घरे विकत घेतली. विरोध करणाऱ्या रहिवाशांनी २००० मध्ये संघटना स्थापन केली, तर रोजगाराच्या आशेने अनेकांनी प्रकल्पाला पाठिंबा दिला. २०१३ मध्ये प्रकल्पासाठी आणलेल्या विशेष विधेयकाविरुद्ध बुखारेस्ट, क्लुज आदी शहरांत मोठी निदर्शने झाली आणि संसदेने अखेर ते फेटाळले. युनेस्कोने २०२१ मध्ये या स्थळाची नोंद 'धोक्यातील जागतिक वारसा' यादीतही केली. कंपनीने भरपाईसाठी केलेला दावा आंतरराष्ट्रीय लवादाने मार्च २०२४ मध्ये नामंजूर केला.

लोकसंख्या

कम्यूनची लोकसंख्या २००२ च्या जनगणनेनुसार सुमारे ३,९०० होती. २०११ पर्यंत ती सुमारे २,६५० पर्यंत घटली. सरकारी खाण बंद पडल्याने रोजगार गेला. घरे विकलेली काही कुटुंबे आल्बा युलिया शहरात कंपनीने बांधलेल्या वस्तीत स्थायिक झाली. शिवाय २००२ च्या विकास आराखड्यात गावाचा बराच भाग औद्योगिक क्षेत्र ठरवल्याने खाणीखेरीज अन्य व्यवसाय उभे राहणे कठीण झाले. त्यामुळे मुख्य गावातील अनेक ऐतिहासिक घरे रिकामी पडून मोडकळीस आली.

रहिवाशांत रोमेनियन बहुसंख्य असून हंगेरियन व रोमा अल्पसंख्य आहेत. ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, रोमन कॅथलिक, कॅल्व्हिनवादी आणि युनिटेरियन अशा पाच ख्रिस्ती पंथांची चर्च गावात आहेत. खाणकामासाठी निरनिराळ्या प्रदेशांतून लोक येथे येत राहिले, याची ती साक्ष देतात.