तंत्रज्ञानसमृद्ध वर्गातील अध्यापन

संगणक, प्रक्षेपक, आंतरजाल व डिजिटल पाठ्यसामग्री ही साधने नित्याच्या अध्यापनाचा भाग झालेल्या शालेय वर्गास तंत्रज्ञानसमृद्ध वर्ग म्हणतात. अशा वर्गात शिक्षक हा माहितीचा एकमेव स्रोत राहत नाही. सामग्रीची निवड, विद्यार्थ्यांच्या कृतींचे नियोजन आणि वैयक्तिक मार्गदर्शन ही त्याची प्रमुख कामे ठरतात. मात्र केवळ साधने बसविल्याने हा बदल घडत नाही.

बदलाचे टप्पे

अमेरिकेत १९८५ साली 'ॲपल क्लासरूम्स ऑफ टुमारो' हा दीर्घकालीन प्रकल्प सुरू झाला. त्यातील निरीक्षणांवरून संशोधकांनी शिक्षकांच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले:

१. प्रवेश – यंत्रे हाताळणे व वर्गशिस्त राखणे यांत बराच वेळ जातो.
२. स्वीकार – जुनीच व्याख्यानपद्धती नव्या साधनांच्या आधारे चालते.
३. अनुकूलन – सराव व लेखन जलद होऊन वेळ वाचतो.
४. आत्मसातीकरण – साधन सहज हाताळले जाते. गटकार्य व प्रकल्प वाढतात.
५. नवनिर्मिती – शिक्षक स्वतः नव्या अध्यापनपद्धती घडवितो.

पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या 'टीपॅक' आराखड्यानुसार विषयज्ञान, अध्यापनशास्त्र आणि तंत्रज्ञान या तिन्हींचा मेळ शिक्षकास घालता यावा लागतो.

महाराष्ट्रातील वाटचाल

पुणे येथे १९८४ साली स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी' या संस्थेने दूरदर्शनसाठी मराठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. हे प्रसारण एकतर्फी होते. कार्यक्रमाची वेळ ठरलेली असल्याने तो थांबविणे वा पुन्हा दाखविणे शिक्षकाच्या हाती नसे. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. कोड स्कॅन करताच विद्यार्थ्यास त्या पाठाशी निगडित ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती व स्वाध्याय उपलब्ध होऊ लागले. त्यामुळे सामग्री केव्हा व किती वेळा वापरावी, हे शिक्षक व विद्यार्थी ठरवू शकले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या पुरस्कार रकमेपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना दिली. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले.

कोविड-१९ काळात शाळा बंद असताना अध्यापन भ्रमणध्वनीवर आले. स्मार्टफोन नसलेली मुले त्यापासून दूर राहू नयेत, यासाठी २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित झाली.

मर्यादा

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१५ च्या अहवालानुसार, शालेय संगणकांवर मोठा खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित व विज्ञान यांतील कामगिरीत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. अनियमित वीजपुरवठा, अपुरी जोडणी, दुरुस्तीची उणीव आणि घरोघरी उपकरणांची असमान उपलब्धता या अडचणी ग्रामीण शाळांना विशेष जाणवतात. शिक्षक प्रशिक्षण यंत्र चालविण्यापुरते राहिल्यास अध्यापन पहिल्या दोन टप्प्यांतच अडकते आणि पडदा हा केवळ महागडा फळा ठरतो.

हेही पहा

- बालभारती
- ई-शिक्षण
- ज्ञानरचनावाद