मंगळवारचा डप्पू

चपला काढा. ज्या घरात तुम्हाला धाडतोय, तिथली माणसं गावाच्या चपला शिवतात आणि स्वतः अनवाणी हिंडतात. साल 1915च्या आसपासचं, महिना वैशाख, गाव सिरोंचा. चांद्याहून बैलगाडीनं यायचं तर जंगलात कितीतरी मुक्काम पडले असते, म्हणून तुम्हाला थेट प्राणहितेच्या वाळूत उतरवलंय. भाजलं ना? चटचट चला.

नदीपलीकडे निजामाचं राज्य आणि कालेश्वराचं देऊळ, अलीकडे इंग्रजांची कचेरी. 1874पर्यंत हे गाव अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं, आता नुसता तालुका उरलाय. रुबाब उतरला, ऊन तेवढं कायम आहे. आठवडी बाजारात शिरलात की आधी सुक्या मासळीचा वास, मग मिरचीचा खकाणा. माडिया बाया चारोळी आणि मोहफुलं पुढ्यात घेऊन बसल्यात, त्यांना बदल्यात मीठ हवंय. शिपाई मराठीत खेकसतो, बाई तेलुगूत उत्तर देते आणि सौदा बोटांवर मिटतो. तुम्ही मात्र कडेनं चला, अंग चोरून. तुम्ही मादिगा आहात, अस्पृश्य. धक्का लागला तर आख्खा बाजार तुमच्यावर धावून येईल.

घर गावाबाहेर. चुन्याच्या खड्ड्यात कातडी भिजताहेत, शेजारी तरवडाच्या सालीचा ढीग. हा वास पहिल्या घटकेला पोटात ढवळतो, दुसऱ्या दिवशी जाणवत नाही. खुंटीला टांगलेलं ते गोल वाद्य म्हणजे डप्पू. गावात जत्रा, मयत, दवंडी काहीही असो, तुमच्याशिवाय पान हलत नाही. त्याच्या बदल्यात मेलेल्या जनावराचं कातडं तुमचं आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा. तुमच्या आज्यापासून चालत आलेला हा हिशोब आहे.

आता तुमची अडचण सांगतो. गेल्या महिन्यात तुम्ही ख्रिस्ती झालात, आणि ख्रिस्त्यानं देवीपुढे डप्पू वाजवायचा नसतो.

इथे अमेरिकन मेथडिस्टांचं मिशन आहे. ते माणसाला लगेच पूर्ण सभासद करून घेत नाहीत, आधी उमेदवारीवर ठेवतात. पंतुलुंनी, म्हणजे तुमच्या मास्तर-उपदेशकांनी, दहा आज्ञा तोंडपाठ करून घेतल्या. मग कात्री आली. शेंडी उतरली, मनगटावरचा गंडा तुटला, पोराच्या गळ्यातला ताईत टोपलीत पडला. मान हलकी झाली आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला: आता पोराला हिवताप भरला तर कुणाला हाक मारायची?

रविवारी चिंचेखाली भजनाला बसा. शेजारच्याची शेंडीही गेलीय, पण त्याचा ताईत कमरेला आहे, धोतराच्या आत. पोराला शाळेत पाटी मिळते, तापात कोयनेल मिळतं, म्हणून तो आला. अशांना लोक पोटाचे ख्रिस्ती म्हणून हिणवतात. मी हिणवणार नाही. ज्याच्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही त्याची श्रद्धा तपासायला बसणं हा भरल्या पोटाचा उद्योग आहे.

पण मिशनऱ्यांनाही हा पेच पडला होता, हे खरं. तिकडे ओंगोलला, तेलुगू मुलुखातच, 1876 ते 1878च्या दुष्काळात जॉन क्लॉव यांनी बकिंगहॅम कालव्याच्या कामाचा ठेका घेऊन हजारो भुकेल्यांना मजुरी दिली आणि त्याच काळात बाप्तिस्मे साफ बंद ठेवले. धान्यासाठी येणारा आणि देवासाठी येणारा वेगळा दिसावा म्हणून. मदत आटोपल्यावर दार उघडलं, तर 3 जुलै 1878 या एकाच दिवशी 2,222 जणांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांतले किती जण पुढे टिकले, ते त्या दिवशी कळणार नव्हतं. ते कळतं मंगळवारी.

आज मंगळवार आहे. पोचम्मा देवीची जत्रा. कडुनिंबाचे डहाळे, हळदीचा सडा, मडक्यांतून फसफसणारी ताडी, दावणीला बळीचा रेडा. गवताचा जाळ केलाय आणि भाऊबंद आपापले डप्पू शेकताहेत. कातडं तापून ताणलं की बोटाच्या टिचकीलाही खणखणतं. पहिली थाप पडली. छातीत ठोका बसला ना? तुमची बोटं बघा, मांडीवर आपोआप चालायला लागलीत.

शेजाऱ्यानं डप्पू गळ्यात अडकवला. वर तुम्हालाच समजावतोय, “रविवार येशूचा, मंगळवार गावाचा. देवाला काय दिसतंय एवढ्या गर्दीत?” पटेलाचा माणूस तुमच्यासमोर उभा राहतो. तुम्ही मान खाली घालता आणि हात मागे बांधता. तो काही बोलत नाही, निघून जातो. अंगावरचा घाम मात्र थंड पडतो.

बिल सुगीत येतं. खळ्यावर भाताची रास, हवेत भुसा, घशात खवखव. शेजाऱ्याच्या टोपल्यात माप पडतं. तुमची बायको सूप घेऊन उभीच आहे, मापवाला तिला ओलांडून पुढच्या घराकडे वळतो. मामानं पोरगी तुमच्या थोरल्याला द्यायची ठरवली होती, त्यानंही निरोप धाडलाय: पोरगी देणार नाही. मयताला भाऊबंद येणार नाहीत, हे न सांगता कळलं. पंतुलु येऊन प्रार्थना करून गेले. त्यांना मिशनचा पगार आहे.

येशूमागे जाण्याची किंमत प्रवचनात सांगतात ती क्रुसाची. इथे ती पायलीनं मोजली जाते, आणि ज्या बाईला कुणी विचारलंही नव्हतं तीही ती भरते.

अशी बाई दुसऱ्या टोकालाही होती. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पोराला घेऊन काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि 1900 साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी पुढे 1917 साली मिशनचा पगारच सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत होते आणि न घेतलेलेही. कागदावरच्या शिष्यांना ते पुरते ओळखून होते, असं मला वाटतं.

टिळकांच्या घरानं काय मोजलं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. खळ्यावर रिकामं सूप घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला अक्षरओळख नव्हती. म्हणून तुम्हाला इथवर अनवाणी आणावं लागलं.