उजवीकडची ओळ, डावीकडचे समीकरण

उर्दू माध्यमाची गणिताची प्रश्नपत्रिका कधी पाहिली आहे? वाक्य उजवीकडून डावीकडे जाते, मध्येच समीकरण येते आणि ते डावीकडून वाचावे लागते. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मींना ही अडचण नव्हती. त्यांच्या बीजगणितात चिन्हेच नव्हती, सगळे शब्दांत. कातिबालाही नव्हती, तो अंदाजाने जागा सोडायचा आणि अपूर्णांक कलमानेच मांडायचा. नस्तालीकची तिरकी, उतरती अक्षरे खिळ्यांत नीट बसत नसत, म्हणून उर्दू छपाई दीर्घकाळ शिळाछापावरच राहिली.

१९७८ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी प्रामुख्याने गणिताच्या जुळणीसाठी 'टेक' ही संगणकप्रणाली केली. १९८७ मध्ये पियर मॅके यांच्यासोबत त्यांनी दोन्ही दिशांचा मजकूर एकत्र जुळवण्याची रीत मांडली. तिच्यात देवनागरीची सोय १९९१ च्या सुमारास फ्रान्स वेल्थुइस यांनी केली, अरबीची १९९२ मध्ये क्लाउस लागाली यांनी. एक नेदरलँड्सचे, दुसरे जर्मनीचे. लिप्या आपल्या, खटपट त्यांची. हे मला खटकते.

दिल्लीचे इनपेज १९९४ मध्ये आले आणि कातिबांचे काम आटत गेले. आमचे गणिताचे सर मात्र आजही उर्दू मजकूर टाइप करतात, वर्गमुळांपुरती जागा कोरी ठेवतात आणि झेरॉक्सला देण्याआधी ती पेनाने भरतात.