पाण्याचा कायदा, हवेचा कायदा आणि कलम २५३

पाण्याच्या प्रदूषणाविषयीचा केंद्रीय कायदा १९७४ सालचा, हवेचा १९८१ सालचा. दोन्ही संसदेनेच केले. परंतु पाण्याचा कायदा सुरुवातीला केवळ बारा राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना लागू होता. हवेचा मात्र सबंध भारतासाठी होता. असे का, हे पाहू गेल्यास आपल्याला राज्यघटना उघडावी लागते.

'पाणी' हा विषय घटनेने राज्यांच्या सूचीत घातला आहे. अशा विषयावर संसदेने कायदा करावा, असा ठराव कलम २५२ प्रमाणे किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी करावा लागतो. झालेला कायदा ठराव करणाऱ्यांपुरताच. इतर राज्यांनी तो मागाहून स्वीकारायचा. पहिल्या बारांत कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९६९ चा स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा होता, १९७० पासून मंडळही होते. केंद्रीय कायदा आपण स्वीकारला १९८१ साली. म्हणजे मधली सात वर्षे महाबळेश्वरची कृष्णा नृसिंहवाडीपर्यंत एका कायद्याखाली, तर पुढे कर्नाटकात शिरताच दुसऱ्याच कायद्याखाली वाहत होती!

दुसरी वाट स्टॉकहोमहून आली. ५ ते १६ जून १९७२ या काळात तेथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. ११३ देश आले होते. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर सरकारच्या प्रमुख अशा एकट्या इंदिरा गांधीच उपस्थित होत्या. परिषदेने २६ तत्त्वांचा जाहीरनामा काढला. हा तह नव्हता, तो मोडला म्हणून कोणाला जाब विचारता आला नसता. मग त्याच्या आधारे कायदा कसा करणार? येथे घटनाकारांची दूरदृष्टी कामी आली. कलम २५३ मध्ये तह व करार यांच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परिषदेत घेतलेल्या 'निर्णया'चाही उल्लेख आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी संसदेला सर्व देशाकरिता कायदा करता येतो, विषय राज्यसूचीतला असला तरीही. आम्हां विज्ञानाच्या लोकांना कायद्याची भाषा रुक्ष वाटते खरी. पण या एका शब्दाने पुढे केवढे काम केले! हवेच्या कायद्याच्या उद्देशिकेत स्टॉकहोमचा स्पष्ट उल्लेख आहे.

तरीही त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने धुराडे होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मृत्यू आला तो टाकीत साठवलेल्या मिथाइल आयसोसायनेटमधून. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. पुन्हा स्टॉकहोमचाच आधार. पण या वेळी पाणी, हवा, जमीन आणि घातक पदार्थ एकत्र आले. परिषदेला तोवर चौदा वर्षे झाली होती. आमच्या मते हा उशीर घटनेमुळे झाला नाही, वाट १९५० पासून उघडीच होती.

१९९६ साली तर सर्वोच्च न्यायालयाने संसदेची वाटही पाहिली नाही. तमिळनाडूतील चामडे कमावण्याच्या कारखान्यांनी पालार नदी व परिसरातील भूजल नासवले होते. त्या खटल्यात, हानी होण्याआधीच खबरदारी घेणे आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई देणे, ही आंतरराष्ट्रीय तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग आहेत, असा निवाडा न्यायालयाने दिला.

जुनी वाट मात्र बुजलेली नाही. २०२४ मध्ये पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक अपराधांची कैद गेली, तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. तीही कलम २५२ नेच. ठराव हिमाचल प्रदेश व राजस्थान यांचे होते, म्हणून दुरुस्ती प्रथम त्या दोन राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांनाच लागू झाली.