रॉस बंदुकीचा कोठा : एका दोषाचें निदान

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारे गृहस्थ शस्त्रावरील अक्षरें काळजीनें उतरून घेतात. सन, कारखान्याचें नांव, पलटणीचा क्रमांक यांची नोंद त्यांच्या वहींत असते. शस्त्राच्या आंतील मापें मात्र त्या वहींत क्वचितच सांपडतात. वास्तविक कित्येक शस्त्रांची खरी हकीगत त्या मापांतच दडलेली असते. पहिल्या महायुद्धांत कॅनडाच्या फौजेपाशीं असलेली रॉस बंदूक हें याचें ठळक उदाहरण होय. तिच्यांत काडतूस अडकून बसे व त्यामुळें माणसें मेलीं, हें सर्वश्रुत आहे. परंतु दोष बंदुकीचा कीं काडतुसाचा, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. या प्रश्नाचा प्रस्तुत लेखांत आम्ही विचार करणार आहों.

प्रथम पूर्ववृत्त सांगतों. इ. स. १८९९ त बोअर युद्ध सुरू झाल्यावर कॅनडास इंग्लंडांतून ली-एन्फील्ड बंदुका मिळेनात. ही संधि साधून सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश सरदारानें आपली बंदूक कॅनडा सरकारपुढें मांडली. १९०१ सालीं परीक्षक समितीनें तिला अनुकूल मत दिलें. या समितींत सॅम ह्यूज नांवाचे गृहस्थ होते. तेच पुढें १९११ त लष्करखात्याचे मंत्री झाले. १९०२ त करार होऊन क्वेबेक शहरीं कारखाना निघाला. १९०५ सालीं पहिल्या हजार बंदुका वायव्येकडील घोडेस्वार पोलिसांस मिळाल्या. पण १९०६ त एका अपघातांत एका अंमलदाराचा डोळा गेला व पोलिसांनीं त्या बंदुका परत केल्या. त्यानंतर अनेक फेरफार होऊन जी बंदूक निघाली ती तिसऱ्या नमुन्याची होय. १९१४ त फौज युरोपास निघाली ती हीच घेऊन.

आतां बंदुकीची रचना. नळीच्या मागील तोंडाशीं काडतूस बसण्याची जी जागा असते तिला आम्ही येथें कोठा म्हणूं. काडतुसाची पितळी पुंगळी बार उडतांच फुगून कोठ्याच्या भिंतीस चिकटते व लगेच किंचित् आकसते. त्या आकसण्यामुळेंच ती बाहेर काढतां येते. कोठा फार तंग, खरबरीत किंवा अतिशय तापलेला असला, अथवा पुंगळी मुळांतच जाड असली, तर ती सुटत नाहीं. ली-एन्फील्डच्या बोल्टाची मूठ आधीं वर फिरवावी लागते. त्या फिरण्यांत तरफेसारखा जोर येऊन चिकटलेली पुंगळी हलते. रॉसच्या बंदुकींत मूठ सरळ मागें ओढावयाची. बोल्टाचें डोकें आंतल्या आंत आपोआप फिरून सुटतें. यामुळें बार भराभर काढतां येतात खरे, परंतु अडकलेली पुंगळी उपटण्यास लागणारा जोर या रचनेंत कमी मिळतो.

२२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथें जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडला. शेजारची फ्रेंच फळी ढासळली आणि कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनची बाजू उघडी पडली. अशा प्रसंगीं शिपायांस भराभर गोळ्या झाडाव्या लागल्या व बंदुका अडकूं लागल्या. बुटाच्या टांचेनें लाथ मारून किंवा खंदक खणण्याच्या हत्याराच्या दांड्यानें ठोकून शिपाई बोल्ट उघडूं लागले. या लढाईंत कॅनडाचीं सुमारें सहा हजार माणसें मृत, जखमी अगर बंदिवान झालीं. वांचलेल्या सुमारें ५,००० पायदळ शिपायांपैकीं १,४५२ जणांनीं आपल्या रॉस बंदुका टाकून पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या होत्या. लष्करी शिस्तींत शस्त्र टाकणें हा मोठा अपराध. तो इतक्या जणांनीं केला, यावरूनच शस्त्राची अवस्था कळते.

निदान करतांना दोन गोष्टी निराळ्या ठेविल्या पाहिजेत. पहिली कोठ्याची. रॉस बंदुकीचा कोठा नेमबाजीच्या अचूकपणासाठीं तंग ठेवलेला होता. क्वेबेकच्या सरकारी कारखान्यांतलीं काडतुसें त्यांत नीट बसत, कारण तीं काटेकोर मापाचीं होतीं. युद्धाच्या घाईंत इंग्लंडांत निरनिराळ्या कारखान्यांनीं केलेलीं काडतुसें त्या मानानें ढोबळ मापाचीं होतीं. ली-एन्फील्डचा कोठा सैल असल्यामुळें तिला तीं चालत. रॉसला चालत ना. दुसरी गोष्ट बोल्टाची. त्याच्या डोक्यावर मळसूत्री दांते असतात. बोल्ट मागें ओढला म्हणजे त्यांतील मागचा दांता एका लहानशा अडसरावर आपटून थांबतो. ठोकून ठोकून बोल्ट उघडल्यावर त्या अरुंद अडसरानें दांत्याची धार दबे. मग पुढलें काडतूस चांगलें असलें तरी बोल्ट बंद होईना कीं उघडेना. म्हणजे पहिल्या रोगावर शिपायानें केलेल्या उपायानेंच दुसरा रोग जडला. बाहेरून लक्षण एकच, कारणें दोन. म्हणून एकाच कारणावर केलेला इलाज पुरा पडला नाहीं.

इलाज पुढीलप्रमाणें झाले. रीमरनें कोठे घांसून रुंद करण्यांत आले व मागाहून अडसरही मोठा केला गेला. परंतु शिपायांचा विश्वास एकदां उडाला तो पुन्हां बसला नाहीं. जून १९१५ मध्यें सेनापति फ्रेंच यांनीं पहिल्या डिव्हिजनला ली-एन्फील्ड देवविल्या. उरलेल्या डिव्हिजनांस त्या मिळण्यास १९१६ साल उजाडलें. मध्यंतरीं जनरल ऑल्डर्सन यांनीं बंदुकीच्या दोषांविषयीं पत्र लिहिलें असतां ह्यूज यांनीं त्यांस उपमर्दकारक उत्तर धाडून त्याच्या प्रती सेनाधिकाऱ्यांत वांटल्या. ऑल्डर्सन यांचें अधिपत्य मे १९१६ त गेलें. ह्यूज यांसही त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मंत्रिपद सोडावें लागलें. मार्च १९१७ मध्यें सरकारनें कारखाना ताब्यांत घेतला.

आमच्या मतें, बंदूक दोषी कीं काडतूस दोषी हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला. बंदूक आपल्या काडतुसाशीं प्रामाणिक होती. काडतूस आपल्या बंदुकीशीं. दोष दोहोंच्या मेळांत होता. ह्यूज यांनीं काडतुसास दोष दिला तो अर्धा खरा होता, आणि अर्धें खरें बोलणाऱ्यास आपली चूक पटविणें फार कठीण. हा मेळ आधीं पाहिल्यानें काय होतें याचें उदाहरण त्याच युद्धांत आहे. १९१४ च्या शरदांत आपल्या हिंदी पलटणी मार्सेय बंदरांत उतरल्या तेव्हां त्यांच्या जुन्या बंदुका व काडतुसें तेथेंच जमा करून नव्या नमुन्याचीं देण्यांत आलीं. अपरिचित शस्त्र घेऊन आघाडीवर जाण्याचा त्रास शिपायांस झाला असेल, पण नळी व काडतूस यांचें माप तरी जुळलें. पुढें २६ एप्रिल १९१५ रोजीं त्याच ईप्रच्या रणभूमीवर लाहोर डिव्हिजन हल्ल्यास गेली.

तथापि रॉस बंदूक सर्वथा टाकाऊ नव्हती. लपून एकेक नेम साधणाऱ्या नेमबाजांनीं ती शेवटपर्यंत सोडली नाहीं. त्यांस निवडक काडतुसें मिळत, बार सावकाश काढावयाचे असत आणि खंदकाच्या चिखलापासून ते बंदुकीस जपत. तंग कोठा त्यांच्या हातीं गुण ठरला.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. अशी बंदूक हातीं आल्यास प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करावी. कोठ्यांतील जुनें वंगण व गंज हलक्या हातानें काढावा. नंतर लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठसा घेऊन त्याचीं मापें सूक्ष्म मापकानें टिपावीं, व बोल्टाचा मागचा दांता भिंगाखालीं पाहावा. नळीवर 'एल्. सी.' अशीं अक्षरें असल्यास कोठा रुंद केल्याची ती खूण समजावी. बोल्टाचें डोकें उलट जुळवून बसविलें तर तो बंद झाल्यासारखा दिसतो पण खरा बंद नसतो. म्हणून ही बंदूक झाडण्याच्या भरीस कोणी पडूं नये. आणि तंग कोठा आढळला तर आपण होऊन तो घांसूं नये. पोथींत जुन्या लेखकानें हरताळ लावून केलेली दुरुस्ती आपण जशी जपतों, तसा १९१५ त घांसलेला कोठा जपला पाहिजे. आणि न घांसलेला कोठा तर मूळ पाठच होय. त्यावर आज रीमर फिरविणें म्हणजे मूळ पाठावर आपल्या हातानें हरताळ फांसणें होय. या प्रकरणांतील मंत्र्यांचीं व सेनापतींचीं पत्रें पक्षपाती आहेत. कोठ्याच्या मापास पक्ष नाहीं.