तारांचा शेजार

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे: कारखान्यात वायर कुठून न्यावी. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं यात कशाला पडावं, असं तुम्ही विचाराल. शेवटी सांगतो.

लहानपणी किनवट स्टेशनाजवळ आम्ही लेकरं तारेच्या खांबाला कान लावून उभी राहायचो. खांब गुणगुणायचा. मोठी पोरं म्हणायची, आत आदिलाबादचं बोलणं चाललंय! ती गुणगुण वाऱ्याची होती, हे पुढं कळलं. पण एका तारेतलं दुसरीत शिरतं, ही गोष्ट मात्र खरी आहे.

१८३१ साली मायकेल फॅरडेनं दाखवलं, की एका तारेतला प्रवाह बदलला की शेजारच्या, न जोडलेल्या तारेतही वीज उमटते. ट्रान्सफॉर्मर चालतो तो यावरच. पण तिथं जे हवं, तेच टेलिफोनला नको होतं. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, त्या सुमारास जगभर बऱ्याच ठिकाणी फोनला एकच तार असे, परतीची वाट जमिनीतून. शेजारच्या तारायंत्राची कटकट फोनवर ऐकू यायची. आवाज वाढवावा, तर कटकटही वाढणार. ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्ये वेगळ्या उपायाचं पेटंट घेतलं: जाणारी आणि परतीची, अशा दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्या. मग बाहेरची खरखर दोघींवर सारखीच उमटते आणि दोघींतला फरक घेतला की वजा होते.

आता आपल्या रेल्वेकडे या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. १९५७ साली रेल्वेनं २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं. हा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, म्हणजे सतत बदलतो. वर जाणारी तार, परतीचा प्रवाह खाली रुळांतून आणि जमिनीतून, आणि शेजारून मैलोनमैल उघड्या टेलिफोनच्या तारा! मग त्या तारांच्या जागी जमिनीखालून आवरणाच्या केबल आल्या. शिवाय कित्येक मार्गांवर बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवून परतीचा प्रवाह रुळांतून उचलला आणि वरच्या तारेजवळच्या वेगळ्या तारेत आणला. जाणारा आणि येणारा प्रवाह जवळ आले, की दोघांचा उपद्रव बराचसा एकमेकांना मारतो. धडा बेलचाच, फक्त आकार मोठा.

आता आपल्याच भागातली एक जिनिंग. तिथं माझा जुना विद्यार्थी वायरमन होता. गाठी बांधायच्या प्रेसला दाराचा सेन्सर होता. दार उघडलं की प्रेस थांबायची. ती दार बंद असतानाही थांबू लागली. प्रेसवरच्या माणसाला म्हणाले, तूच दार हलवतोस. दोन दिवसांची मजुरी कापली. पुढं तर हुकूम निघाला, सेन्सरच काढून टाका. म्हणजे प्रेस थांबायची नाही, मग आत कोणाचा हात असो.

माझ्या विद्यार्थ्यानं आधी केबलचा ट्रे उघडला. सेन्सरची बारीक वायर आणि मोटरची जाड केबल चांगली तीस फूट एकाच ट्रेमध्ये, एकत्र बांधलेली. मोटर व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर. ते व्होल्टेजचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतं. बदल जितका झपाट्याचा, तितकी शेजाऱ्याला बाधा जास्त. त्यानं सेन्सरला पिळाची, जाळीच्या आवरणाची केबल घातली, आवरण अर्थ केलं आणि ती मोटरच्या केबलपासून दूर वेगळ्या वाटेनं नेली. जिथं ओलांडणं भाग होतं, तिथं काटकोनात. प्रेस उगाच थांबायची बंद झाली आणि सेन्सर जागेवर राहिला. कापलेली मजुरी मात्र परत मिळाली नाही.

म्हणून मी या विषयात पडलो. खरखर म्हणजे कुठंतरी नीट काम करणारीच वीज, नको तिथं पोचलेली. तिथं दोष मांडणीचा असतो, आणि आपण तो समोर उभ्या असलेल्या माणसाच्या माथी मारतो. तेव्हा यंत्र विनाकारण अडलं, तर आधी ट्रे उघडून बघा. माणसाला मग विचारा.